नाकाची उसनवारी

आश्विनातल्या तापाने हेमलताचं नाक नेलं.
ताप उतरला, नाक परत आलं नाही.
दापोलीच्या डॉक्टरांनी आधी तीन महिने सांगितले, मग सहा,
मग फी घेणंच बंद केलं.

सुरुवातीला ती ओट्याशी उभी राहायची
परक्या घरात उभं राहावं तशी.
डाळ दोनदा लागली.
एकदा गॅस नुसताच सुरू राहिला
आणि मी माडाला पाणी लावत होतो तिथून धावत आलो.
"हसताय काय," ती म्हणाली.
मी हसत नव्हतो.

एकतीस वर्षं मी हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात होतो.
अमोनियाची नळी सुईएवढी फुटली
तरी मीटरच्या आधी मला कळायचं.
शेठ म्हणायचे, ह्याचं नाक पगारावर आहे.
घरात त्या नाकाला काडीची किंमत नव्हती:
"ह्यांना काय, ताटात बर्फ वाढला
तरी झकास झालाय म्हणतील."

आता तेच नाक ती उसनं मागते.

बंदरावरचा लिलाव आटपतो,
टोपल्या धुतलेलं पाणी वाळूत मुरतं,
तेव्हा मी मागच्या पडवीत शेगडी पेटवतो.
करवंट्यांचे निखारे. त्यांवर लसणाचे दोन गड्डे,
न सोललेले, घाटावरचे,
बुडख्याला अजून तिकडची काळी माती.
ती पाट घेऊन बसते, पाठ भिंतीला.
"सांगा."
"खमंग..."
"खमंग नको. खमंग सगळेच म्हणतात.
नीट सांगा."

मी डोळे मिटतो.
आधी काहीच नाही, जळका कागद.
मग भिजलेलं गोणपाट
कुणी चुलीजवळ वाळत घातल्यासारखं.
"पुढे?"
पुढे उग्र, डोळ्यांत शिरणारं,
ईदच्या आदल्या रात्री हमिदाबी मुकादमच्या
खिडकीतून येतं ना, तसं.
"तो कांदा असतो तिच्याकडे. लसूण नव्हे.
नीट बघा."
मी नीट बघतो, म्हणजे हुंगतो.
मग तो उग्रपणा हळूहळू बसतो.
भांडणानंतर कुणीतरी आधी विचारतं
"जेवलात का?"
तसा खाली येतो.
"असा वास असतो का कुठे," ती म्हणते,
पण चिमट्याने गड्डा उलटते, हलक्या हाताने.

इतक्यात निखाऱ्यात एक पाकळी फट्‌दिशी फुटते.
तिची मान वर होते.
"झाला."
मला अजून कळलेलं नसतं.

आत कुळथाची पिठी रटरटत असते.
साल चिमटली की पाकळी आपण होऊन बाहेर येते,
तपकिरी, मेणचट, ऊन.
चार पिठीत, दोन आमसुलांच्या सोबतीला.
उरलेल्या ती खडेमिठाबरोबर पाट्यावर रगडते,
बोटाला लागलेलं चाटते
आणि थांबते.

"गोड आहे हो."
"काय?"
"लसूण. गोड आहे.
इतकी वर्षं वास मध्ये उभा होता,
मागचं काही दिसूच देत नव्हता."

मी चाखलं. मला नुसता वासच लागला.
मग नाक चिमटीत धरून पुन्हा चाखलं,
नळी फुटली की धरायचो तसं.
असेल. थोडं.
तिला मी "हो" म्हटलं, त्यात फारसं खोटं नव्हतं.

भाकरी दोन जास्त झाल्या त्या दिवशी, दोघांनाही.

ताटं विसळून ती हात धुते
आणि बोटं माझ्या नाकाखाली धरते.
"गेला?"
"नाही."
राखेने घासते, पुन्हा धुते, पुन्हा धरते.
"आता?"
"आहे. उद्या दुपारपर्यंत तरी जायचा नाही."
"मग राहू दे," ती म्हणते,
आणि सवयीने
स्वतःच एकदा हुंगून बघते.